मागच्याला लागलेली ठेच

माझ्या मुलीच्या प्रोग्रॅममधली चूक मला रविवारी दुपारीच दिसली होती. तो प्रोग्रॅम मंगळवारी मिलमध्ये चालायचा होता. मध्ये अख्खा सोमवार होता. मी तिला काही सांगितलं नाही.

हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू मांडायला लागेन हे मला ठाऊक आहे. बाजू आहेही थोडीशी. पण ती या दोन ओळींच्या नंतरची आहे.

मी सुरतेजवळ पलसाण्याला एका डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. कोरं कापड किती आलं, रंगून किती गेलं, कुणाचं बिल निघालं, हे सगळं पाहणारा प्रोग्रॅम मी तरुणपणी फॉक्सप्रोमध्ये लिहिला आणि तो अजून चालतो. शेठ पाहुण्यांना सांगतात, ‘आमच्या भाऊंनी बनवलाय.’ सुरतेत आम्हा मराठी माणसांना सगळे भाऊच म्हणतात. त्यात मान किती आणि ओळख किती, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.

माझे वडील शिरपूरकडून इथे लूम चालवायला आले. मी सुरतेतल्या लिंबायतमध्ये वाढलो. बारावीनंतर कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, पहिली भाषा कोणती घेणार? मला भाषा म्हणजे मराठी, गुजराती एवढंच माहीत होतं. सगळ्यात सोपी कोणती, असं मी उलट विचारलं आणि बेसिक घेतली. तिच्यात पडद्यावर एक गोल काढून तो सरकवला तेव्हा मला कोण आनंद झाला होता. पुढे दुसऱ्या क्लासला सी ही भाषा शिकायला गेलो. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी मी बेसिक शिकलोय हे ऐकलं आणि वर्गाला म्हणाले, ‘हे साहेब खुळखुळा वाजवून आलेत.’ वर्ग हसला. मीही हसलो.

त्या सरांची शिकवण्याची एक रीत होती. आमच्या प्रोग्रॅममधली चूक त्यांना लांबून दिसायची, पण ते ती दाखवायचे नाहीत. खुर्चीच्या मागे उभे राहायचे, एकदा हुंकार द्यायचे आणि पुढे जायचे. मग शोधत बसा. पॉइंटर नावाचा एक प्रकार सीमध्ये असतो, म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. त्या पत्त्यांच्या गोंधळात मी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी घालवली. एकदा तर कीबोर्डवर डोकं टेकवून रडलो. पण शेवटी जमलं, आणि जमलं म्हणून मी असं धरून चाललो की जमण्याचं कारण ते रडणंच होतं.

माझी मुलगी बी.कॉम. करत होती. तिला ही गोडी कुठून लागली ठाऊक नाही. माझ्याकडून लागली असं म्हणायला मला आवडेल. मोबाइलवर व्हिडिओ बघून ती पायथन ही भाषा शिकली. मी म्हटलं, आधी सी शिक. पाया पक्का होतो, मेमरी म्हणजे काय ते कळतं. पायथन म्हणजे आयतं जेवण. ती म्हणाली, ‘पप्पा, भूक लागल्यावर आधी जेवायचं की आधी चूल बांधायची?’ तिची आई मोठ्याने हसली. मी हसलो नाही. मला तो वर्ग आठवला.

घरात खरा वाद वेगळाच होता. मी आणि तिची आई, आम्हाला दोघांनाही वाटत होतं की तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तिची आई महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. कायमच्या नोकरीची किंमत तिला माहीत आहे. मुलीला मात्र हेच काम करायचं होतं. शेवटी एक करार झाला. आमच्या मिलमध्ये रंगाची कृती अजून कॅल्क्युलेटरवर काढत. ठरलेल्या शेडला शंभर किलो कापडामागे कुठला रंग किती ग्रॅम, ते रंगमास्तर सांगत, आणि कापडाच्या लॉटच्या वजनाप्रमाणे एक पोरगा आकडेमोड करी. त्यात घोळ होत आणि शेठ वैतागत. मी त्यांना म्हटलं, माझी मुलगी बनवून देईल. शेठ म्हणाले, लावो, जोईए; आणा, बघू. घरी ठरलं की हा प्रोग्रॅम मिलमध्ये नीट चालला तर बँकेचा विषय आम्ही काढायचा नाही. नाही चालला, तर ती सुट्टीत बँकेच्या क्लासला जाईल. करार तिनेच मांडला आणि हात पुढे केला. मी हात मिळवला.

जे काम मी इतकी वर्षं ‘करू या’ म्हणत ठेवलं होतं, ते तिने कॉलेज सांभाळून थोड्या आठवड्यांत केलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. दाखवायला ती इतकी अधीर होती की मला नीट वाचूही देईना. पिस्ता रंगाचं उदाहरण तिने घेतलं होतं. साध्या कापडाची कृती एक. तोच पिस्ता जाड कापडावर चढवायचा तर पिवळा रंग जास्त लागतो. म्हणून तिने साध्या कृतीची नक्कल घेऊन तिच्यात पिवळा वाढवला होता. नक्कल घेण्यासाठी तिने एका ओळीत नुसतं बरोबरीचं चिन्ह टाकलं होतं: जाड बरोबर साधी.

माझी नजर तिथे थांबली.

पायथनमध्ये असं केल्याने नक्कल होत नाही. डबा एकच राहतो, त्यावर फक्त दुसरी चिठ्ठी चिकटते. ‘जाड’ लिहिलेल्या डब्यात पिवळा टाकला की ‘साधी’ लिहिलेल्या डब्यातही तो पडतो, कारण डबा तोच असतो. पॉइंटरमध्ये होरपळलेल्या माणसाला हे दिसायला वेळ लागत नाही. तिने तपासणी केली होती, पण आधी साधं कापड आणि मग जाड, या क्रमाने. त्या क्रमाने दोन्ही उत्तरं बरोबर येत होती. उलट क्रमाने चालवलं असतं तर साध्या कापडाची कृती बिघडली असती.

‘पप्पा, बराबर आहे ना?’ तिने विचारलं. ती बरोबरला बराबरच म्हणते, सुरतेत वाढलेली सगळीच मुलं म्हणतात.

मी म्हटलं, ‘चालेल.’

एवढाच शब्द. तो बोलताना माझ्या मनात काय होतं, ते मी नंतर पुष्कळदा उकलून पाहिलं. वरवर असं होतं की तिला ठेच लागू दे, मग ती आपणहून सीकडे येईल. त्याच्या खाली बँक होती. आणि अगदी तळाला, जे लिहायला मला जड जातं, ते असं की तिने हे इतक्या सहज करून दाखवलं याचा मला त्रास होत होता. मी स्वतःला बजावलं की मंगळवारी रंग तोलायच्या आधी सांगू. सगळ्यांसमोर थोडी खजील होईल, धडा मिळेल, नुकसान काही नाही.

सोमवारी ती मैत्रिणीला फोनवर सांगत होती, ‘पप्पांनी चेक केलंय, एटले टेन्शन नथी.’ मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. पाणी पिऊन बाहेर गेलो.

मंगळवारी सकाळी माझ्या मोटरसायकलवर आम्ही कडोदऱ्यावरून पलसाण्याला गेलो. मिलमध्ये जिथे रंग तोलतात आणि कालवतात त्या खोलीला कलर किचन म्हणतात. एका बाजूला रंगांचे ड्रम, मधे काटा, वरून पंखा, आणि मागच्या, कापड रंगवणाऱ्या जेट मशीनांची वाफ भिंतीपर्यंत आलेली. मुलीने कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. शेठ दारात उभे राहिले. रंगमास्तर उत्तर प्रदेशचे, या धंद्यात मुरलेले; तिला म्हणाले, ‘बिटिया, पिस्ता बड़ा नखरेबाज रंग है, संभल के।’ ती म्हणाली, ‘जी अंकल.’

मी मनात म्हणत होतो, आधी साधं येऊ दे. साधं आधी आलं असतं तर काहीच बिघडलं नसतं आणि मी सुटलो असतो.

आधी जाड कापडाचा लॉट आला.

तिने वजन घातलं, आकडे आले, मास्तरांनी मान हलवली. रंग तोलला गेला, मशीन भरलं, मास्तर त्याच्या मागे गेले. तो लॉट व्यवस्थित होता. मग साध्या कापडाचा लॉट आला. रोजचीच शेड, म्हणून लॅबमध्ये नमुना काढायची गरज कुणाला वाटली नाही. तिने वजन घातलं. पडद्यावर पिवळ्याचा आकडा आला आणि तो चुकीचा आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

काट्यावरच्या माणसाने ड्रममध्ये चमचा घातला. आता बोलायचं होतं. पण शेठ माझ्या शेजारीच उभे होते, आणि मी आत्ता बोललो तर पुढचा प्रश्न काय येईल ते मला स्वच्छ दिसत होतं: भाऊ, तुम्हाला कधी कळलं? खोटं बोलता आलं असतं, आत्ताच आकडा बघून लक्षात आलं म्हणून. तेही सुचलं. पण मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि इतकी खुशीत होती की मला तोंड उघडवेना. पिवळा रंग पाण्यात पडला. बादली उचलली गेली. काटा पुन्हा शून्यावर आला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

जेटचं झाकण एकदा बंद झालं की पुढे काही तास आत काय चाललंय ते दिसत नाही. ती कॅंटीनमध्ये बसून सगळ्यांशी गप्पा मारत होती. मी ऑफिसात जाऊन एकच बिल पुन्हा पुन्हा उघडत होतो. मधे ती आली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही जेवला का नाहीत? भूक नाही, म्हटलं.

दुपारनंतर लॉट उघडला. कापड बाहेर येऊ लागलं आणि काम करणारी माणसं थांबली. पिस्त्याचा हलका, दुधाळ हिरवा कुठेच नव्हता. शेठांनी कापड हातात घेतलं, उजेडात धरलं.

‘आ पिस्ता छे के पोपट?’

सगळे हसले. हसू फार वाईट नव्हतं, मिलमध्ये अशी थट्टा चालतेच. पण ती हसली नाही. ती कापडाकडे बघत होती आणि तिचा हात बॅगच्या पट्ट्यावर घट्ट आवळला होता. शेठ ओरडले नाहीत. असा फसलेला लॉट मिलमध्ये काळा करून टाकतात. काळ्याखाली सगळं लपतं. ते म्हणाले, ‘काळामां नाखी दो.’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘भाऊ, छोकरीने पहेलां शीखवाडो.’

मास्तर तिला समजावत होते की आमच्याकडूनही होतं असं, रंग आहे, माणूस आहे. ती मान हलवत होती. आधीचा लॉट बरोबर आला होता हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

घरी येताना हायवेवर ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून मी बोलत होतो. सी शिकली असतीस तर हे झालं नसतं. पाया नाही आणि मजले चढवायला निघालीस. आम्हा दोघांच्या मधे तिने लॅपटॉपची बॅग धरली होती आणि खड्डा आला की ती माझ्या पाठीला लागे.

घरी पोचल्यावर मी लॅपटॉप उघडायला लावला आणि बोट सरळ त्या बरोबरीच्या चिन्हावर ठेवलं. ती आधी त्या ओळीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘तुम्हाला लगेच दिसलं.’ मग तिचे डोळे भरले. ‘सॉरी पप्पा. माझ्यामुळे सगळ्यांसमोर तुमची मान खाली गेली.’

मी तिची ती माफी घेतली. ‘असू दे,’ म्हणालो.

जेवताना तिच्या आईने विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं, माझा भाग सोडून. आणि शेवटी शहाणपणाने म्हणालो, चला, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

तिची आई भाकरी मोडत होती. म्हणाली, ‘अहो, ही म्हण इथे कशी लागेल? पुढे चालणाऱ्याला ठेच लागते, ती बघून मागचा सावध होतो. या घरात पुढे तुम्ही चालताय. ठेच तुम्हाला लागून झालीय ना कधीच? मग हिला कशी लागली?’

ती शाळेतल्या सवयीने बोलली, तिला काहीच माहीत नव्हतं. मुलीने ताटातून मान वर केली नाही. मी आमटी मागितली.

कराराप्रमाणे ती बँकेच्या क्लासला जाऊ लागली. एकदाही कुरकुरली नाही, आणि ती कुरकुरली असती तर मला बरं वाटलं असतं. शिवाय माझं सीचं जुनं पुस्तक तिने कपाटातून काढलं. सकाळी लवकर उठून ती ते करायची. मला जे समजायला अख्खी सुट्टी लागली होती, ते तिने रागाने की कसल्या ईर्ष्येने, भराभर उरकलं. कधी येऊन एखादा प्रश्न विचारी, फार नेमका. एकदा मला उत्तर आलं नाही. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं: बँक, सी, पाया. पण पूर्वी प्रोग्रॅम चालला की ती खोलीतून ओरडत बाहेर यायची, ‘पप्पा, बघा ना!’ ते थांबलं. आता ती चालवायची, बघायची आणि बंद करायची.

असे बरेच महिने गेले. एका रविवारी सकाळी मी चहा घेत होतो आणि ती समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. काय करतेस, म्हटलं. रस्ट नावाची भाषा शिकतेय, म्हणाली. मी नाव ऐकलं होतं. ती सीपेक्षाही अवघड म्हणतात, मग बँकेचा अभ्यास चालू असताना ही कशाला, असं मी विचारलं.

‘अवघड आहे. पण ही आधी सांगते, पप्पा.’

‘काय सांगते?’

‘चूक. सीमध्ये तुम्ही काहीही लिहा, ती चालवते आणि मग तोंडघशी पाडते. पायथन तर गोड बोलून पाडते. ही चालूच होत नाही. एका डब्याला दोन चिठ्ठ्या लावून आत ढवळायला गेलं की अडवते. कुठल्या ओळीत चुकलंय, का चुकलंय, काय करून बघ, सगळं लिहून देते.’ ती पडद्याकडे बघतच बोलत होती. ‘कुणीतरी शेजारी बसल्यासारखं वाटतं.’

चहा माझ्या हातात तसाच राहिला. तिने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर मी परतवला असता.

मी म्हटलं, ‘ती ओळ मला रविवारीच दिसली होती.’

तिने लॅपटॉप मिटला. ‘मला वाटलंच होतं,’ म्हणाली. ‘तुमचं बोट सरळ तिथे गेलं होतं. वाचलंसुद्धा नव्हतं तुम्ही. मी विचार केला, पप्पा असं करणार नाहीत. मग तो विचारच सोडून दिला.’

मी माफी मागायला लागलो. तिने हात वर केला.

‘इथे नको. मी मूर्ख आहे हे तिथे ठरलं. तिथे चला. सगळे हसले तिथे सांगा.’

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर नोकरी. लॉट फसणार हे माहीत असून गप्प बसणाऱ्या माणसाला कुठला शेठ ठेवेल? ते मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘हो, ते आहे.’ आणि थांबली. तिची आई दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि माझ्या मदतीला येणार नव्हती.

मी मुलीला सांगितलं की तो करार मी खोटा करून जिंकलो, तेव्हा तो मोडला. बँकेच्या क्लासला जायचं की नाही ते तू ठरव. ती म्हणाली, ते मी ठरवेनच, आधी उद्याचं बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पलसाण्याला गेलो. मी शेठांना कलर किचनमध्ये येण्याची विनंती केली. मास्तरांनाही बोलावलं. काट्यावर काम चालू होतं. मी थोडं थांबा म्हटलं आणि काट्यावरचा माणूस थांबला. मुलगी दाराशी उभी राहिली, त्या दिवशी कापड उघडलं तेव्हा उभी होती तशीच, बॅगचा पट्टा धरून.

मी शेठांना गुजरातीत सगळं सांगितलं. रविवारी दिसलं, सोमवारी गप्प राहिलो, मंगळवारी याच काट्याजवळ उभा राहून पिवळा रंग पडताना बघितला. हिची चूक होती, शिकणाऱ्याची असते तशी. ती थांबवणं माझ्या हातात होतं, आणि मी बोललो नाही. मास्तरांनी खाली बघितलं.

‘लॉट मारो हतो, भाऊ,’ शेठ म्हणाले, म्हणजे लॉट माझा होता. नुकसान भरून देईन, असं काहीतरी मी बोलू लागलो. त्यांनी मला थांबवलं. तुमचं काय करायचं ते संध्याकाळी बोलू, म्हणाले, आणि हनुवटीने मुलीकडे दाखवलं.

मी वळलो. गुजराती, हिंदी, सगळं संपलं होतं; उरली होती घरची मराठी. मशीनांचा आवाज होता, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं, आणि ते बरंच झालं.

‘तू विचारलंस तेव्हा मी चालेल म्हणालो. ते खोटं होतं. तू पडावीस म्हणून म्हणालो, आणि पडल्यावर तुलाच बोललो. वर तुझी माफीही घेतली. ती मी परत करतो. माझं चुकलं, बेटा. मला माफ कर.’